बर्फाच्या मुलखातले फळझाड



रोहिणीचा पाऊस पडून गेला, मृग जवळ आला, की आपल्याकडे बाजाराच्या रस्त्याला रोपे विकणारे टेम्पो उभे राहतात. आंबा, चिकू, पेरू, लिंबू. काळ्या पिशवीतले रोप हिरवेगार असते, एखाद्याला चुकार फळही लटकलेले असते. बाजारहून परतणारा माणूस घासाघीस करतो, दोन रोपे मोटारसायकलला बांधतो आणि घरी येऊन खड्डा खणतो. झाड कोणत्या जातीचे, कलम की रोप, कलम असेल तर कोणत्या खुंटावर बांधलेले, हे विचारणारे थोडेच. आपले हवामान दयाळू आहे, बरेचसे निभावून जाते. सहा-सात वर्षांनी हापूस म्हणून घेतलेल्या झाडाला रायवळ आंबे लागतात, तेव्हा आपण विकणाऱ्याला दोन शब्द बोलतो आणि त्या आंब्यांचे लोणचे घालतो.

पण जगात असेही मुलूख आहेत, की तिथे एवढा निष्काळजीपणा एका हिवाळ्यात झाडाच्या जिवावर येतो. अशाच एका मुलखाची गोष्ट आज सांगायची आहे. मी शेतीशास्त्राचा माणूस नव्हे. कॉलेजात भूगोल शिकवतो. मला या विषयात ओढले ते माझ्या थोरल्या बहिणीने.

आक्का सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी वाढली. लग्नानंतर पुण्याला गेली, आणि मेहुणे वारल्यावर मुलाकडे अमेरिकेत राहायला गेली. भाचा मिनेसोटा नावाच्या राज्यात, मिनीॲपोलिस शहराच्या बाहेर राहतो. घराला मागे अंगण आहे. आक्काने पहिल्याच वर्षी ठरवले, की या अंगणात आपल्या हातचे एक फळझाड हवे. आंबा तिथे येणार नाही हे तिला ठाऊक होते. मग सफरचंद. पुण्यात असताना तिला फूजी नावाचे सफरचंद आवडायचे. २०१७ च्या मे महिन्यात एका मोठ्या दुकानाच्या आवारात तेच नाव लिहिलेले झाड तिला दिसले. झाड माणसापेक्षा उंच आणि फुलांनी भरलेले. विक्रेता म्हणाला, "काही काळजी करू नका, हे इथे उत्तम होते." झाड घरी आले. दक्षिणेच्या भिंतीलगत, उबेला म्हणून, आक्काने ते लावले.

पहिल्या हिवाळ्यात फांद्यांची टोके गेली. दुसऱ्या हिवाळ्यात, २०१९ च्या जानेवारीअखेर, तिथला पारा उणे ३३ अंश सेल्सिअसच्या आसपास उतरला. एप्रिलमध्ये बर्फ वितळले तेव्हा खोडाची साल नैऋत्येच्या बाजूने उभी फाटली होती, आणि जमिनीपासून हात-दीड हात उंचीवर ससे चारी बाजूंनी साल कुरतडून गेले होते. आक्काने नखाने फांदी खरवडून पाहिली. आत हिरवे काही नव्हते, सगळे तपकिरी.

भाच्याचा फोन आला, "मामा, तुम्हीच आईशी बोला. झाड गेल्यापासून ती परत जायचं म्हणते आहे." आक्का फोनवर म्हणाली, "अरे, माझ्या हातचं झाड कधी मेलं नव्हतं. इथल्या मातीला मी चालत नाही, असं दिसतंय."

दोष मातीचा नव्हता, तिच्या हाताचाही नव्हता. पण हे नुसते म्हणून तिची समजूत पटणार नव्हती. कारण शोधून काढायला हवे होते. म्हणून मी वाचायला लागलो. त्यातून जे हाती लागले ते तुमच्यापुढे ठेवतो.

थंडी कुठून येते

शिक्षक मित्रांनी वर्गात पृथ्वीचा गोल असेल तर तो समोर घ्यावा. मिनीॲपोलिस सुमारे ४५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तेच बोट गोलावर फिरवत युरोपात न्या, इटलीतले मिलान शहर जवळजवळ त्याच रेषेवर सापडेल. मिलानच्या आसपास पीच पिकतात, द्राक्षे पिकतात. मग एकाच अक्षांशावर एवढा फरक का? मिनेसोटा खंडाच्या पोटात आहे. समुद्र दूर, त्यामुळे त्याची ऊब पोचत नाही. आणि उत्तर ध्रुवाकडून येणारा वारा अडवायला वाटेत आडवा डोंगर नाही. आपल्याला हिमालयाची भिंत आहे, त्यांना नाही. त्या राज्यातला आजवरचा नीचांक २ फेब्रुवारी १९९६ रोजी टॉवर या गावी नोंदला गेला, उणे ५१ अंश सेल्सिअस. घरातल्या फ्रीजचा बर्फाचा कप्पा साधारण उणे १८ वर असतो, हे लक्षात घेतले म्हणजे कल्पना येईल.

झाड थंडी कशी सोसते

असल्या थंडीत झाड जगते तरी कसे? त्याच्या अंगात पाणी असते, पाणी गोठले की फुगते, आणि पेशी फुटली की ती मेली.

उत्तरेकडची झाडे यावर एक युक्ती करतात. श्रावण-भाद्रपदाच्या सुमारास दिवस लहान होऊ लागला, की झाड त्याची दखल घेते. शेंड्याची वाढ थांबवते, कोंब घट्ट मिटून घेते, पाने गाळते. पेशींत साखरेसारखे पदार्थ वाढतात, आणि पेशीतले पाणी हळूहळू बाहेरच्या फटींत सरकते. बर्फ होतो तो तिथे, पेशीच्या बाहेर, म्हणून पेशी वाचते. ही तयारी एका रात्रीत होत नाही, तिला आठवडे लागतात. म्हणूनच जे झाड उशिरापर्यंत वाढत राहते, ते बेसावध सापडते. उन्हाळा ओसरताना कोणी त्याला भरपूर नत्र घातले, कोवळी फूट आणली, तर तो लाड जिवावर बेततो.

प्रत्येक जातीची सोसण्याची ताकद मात्र वेगळी असते, आणि ती बीजातूनच येते. जपानच्या उत्तर भागात, आओमोरी प्रांतात, फूजी तयार झाले. तिथेही हिमवर्षाव पुष्कळ. पण समुद्राचा शेजार असल्याने पारा मिनेसोटाइतका खाली जात नाही. शिवाय फूजी उशिरा पिकणारे. मिनेसोटात फळ तयार होण्याआधीच कडक गोठण येते. म्हणजे आक्काचे झाड वाचले असते तरी तिला पिकलेले फळ मिळणे कठीणच होते.

थंडीचे घाव आणखीही आहेत. माघ-फाल्गुनातले ऊन बर्फावरून परावर्तित होऊन खोडाच्या नैऋत्य अंगावर पडते, साल तापते आणि जागी होते. सूर्य मावळताच पारा झपाट्याने उतरतो आणि ती जागी झालेली साल फाटते. दक्षिणेच्या भिंतीची ऊब आक्काने मायेने दिली, तीच बाधली. दुसरा घाव वसंतातला. कळ्या उघडल्या की सगळी सहनशक्ती संपली. पूर्ण उमललेल्या सफरचंदाच्या फुलांत उणे सव्वादोन अंशांना दहातले एक फूल मरते, आणि उणे चार अंशांच्या जवळ दहातली नऊ. जे झाड जानेवारीत उणे तीस सोसते, त्याची फुले मे महिन्यातल्या एका रात्रीत जातात.

एका माणसाचा हट्ट

अशा मुलखात सफरचंद मुळात आले कसे? ही हकीकत मुलांना जरूर सांगावी.

पीटर गिडियन नावाचा गृहस्थ १८५३ मध्ये मिनेसोटात आला आणि मिनेटोंका सरोवराच्या काठी राहिला. त्याने सफरचंदे लावायला सुरुवात केली. वर्षामागून वर्षे तो बिया पेरी, कलमे लावी, आणि हिवाळा येऊन ती मारून जाई. आठ-नऊ वर्षांच्या खटपटीनंतर जवळजवळ काही उरले नाही. त्याच्याजवळ शेवटचे आठ डॉलर होते, अंगात घालायला धड कोट नव्हता. त्याने ते आठ डॉलर दूरच्या मेन राज्यातून बिया आणि कलमकाड्या मागवण्यात घातले, आणि जुन्या कपड्यांचे तुकडे जोडून अंगरखा शिवला, असे सांगतात. त्या बियांतून एक रोप तगले, वाढले, आणि त्याला उत्तम फळ आले. १८६८ च्या सुमारास ते लोकांपुढे आले. गिडियनने त्याला बायकोचे नाव दिले, वेल्दी. थंड मुलखात टिकणारे आणि खायलाही चांगले असे ते सफरचंद पुढे अमेरिकेत दूरवर पसरले.

त्या एका झाडामागे किती झाडे मेली असतील! सफरचंदाची बी आपल्या आंब्याच्या कोयीसारखीच असते. हापूसची कोय पेरून हापूस येत नाही, तसेच वेल्दीची बी पेरून वेल्दी येत नाही. प्रत्येक बी म्हणजे नवी सोडत. चांगले झाड एकदा हाती लागले, की ते कलमानेच वाढवायचे.

गिडियनने एकट्याने केले ते पुढे सरकारी पातळीवर सुरू झाले. १९०८ मध्ये मिनेसोटा विद्यापीठाने त्याच भागात, एक्सेलसियर गावाजवळ, फळझाडांच्या नव्या जाती काढण्यासाठी शेत सुरू केले. तिथली रीत साधी आणि कठोर. हजारो रोपे लावायची आणि हिवाळ्याला निवड करू द्यायची. जे जगेल त्याचे फळ चाखायचे. १९२२ मध्ये तिथून हॅरल्सन नावाचे आंबटसर, कडक आणि महिनोन्महिने टिकणारे सफरचंद बाहेर पडले. पुढे अनुवंशाची तपासणी करता येऊ लागली तेव्हा त्याच्या परागाचा बाप गिडियनचे वेल्दीच असल्याचे दिसून आले.

याच शेतावर १९६० मध्ये केलेल्या एका संकराचे झाड कडक हिवाळ्याने दुखावले, म्हणून १९७७ मध्ये काढून टाकण्याच्या यादीत गेले होते. पण त्याच्यापासून केलेली काही कलमे दुसरीकडे उभी होती. ती एका संशोधकाच्या नजरेस पडली, त्याने त्यांना आणखी काही वर्षे दिली. तेच १९९१ मध्ये हनीक्रिस्प म्हणून जाहीर झाले, आणि २००६ मध्ये त्या राज्याचे अधिकृत फळ ठरले. मूळ झाडाची जागा वाईट होती, जात वाईट नव्हती.

रशियाचाही यात वाटा आहे. तिथली अंतोनोव्का, डचेस ऑफ ओल्डेनबर्ग ही सफरचंदे फार काटक. १८८२ मध्ये आयोवातले जोसेफ बड आणि कॅनडातले चार्ल्स गिब ही जोडी काटक फळझाडांच्या शोधात रशियात हिंडली होती. आणि रशियातच कोझलोव गावी इव्हान मिचुरिन यांनी एक धडा घेतला, तो आपल्यालाही उपयोगी आहे. दक्षिणेकडच्या नाजूक जाती काटक खुंटावर बांधल्या, की त्या काटक होतील, असे त्यांना आरंभी वाटले. तशी कलमे त्यांनी पुष्कळ केली. हिवाळ्याने ती मारली. खुंट जगला, वरचे झाड गेले. तेव्हा ते बियांपासून नवे संकर करण्याकडे वळले. खुंट काटक हवाच, पण तो वरच्या काडीला आपले काटकपण उसने देत नाही. दोन्ही अंगे आपापल्या बळावर थंडीला पुरी पडावी लागतात.

झाड विकत घेताना

आता व्यवहाराकडे येऊ. थंड मुलखात झाड घेणाऱ्याने पाच प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न, हे झाड किती थंडी सोसते? अमेरिकेच्या शेतीखात्याने सबंध देशाचे तेरा पट्टे पाडले आहेत. दरवर्षीच्या सर्वांत थंड रात्रीचा आकडा घ्यायचा आणि अनेक वर्षांची सरासरी काढायची, त्यावरून पट्टा ठरतो. चौथा पट्टा म्हणजे सुमारे उणे ३४ ते उणे २९ अंश, तिसरा त्याहूनही थंड, उणे ४० पर्यंत. चांगल्या रोपवाटिकेत प्रत्येक झाडावर पट्ट्याचा आकडा असतो. २०२३ मध्ये नवा नकाशा निघाला, त्यात मिनीॲपोलिस चौथ्यातून पाचव्या पट्ट्याच्या थंड अर्ध्यात गेले, कारण हिवाळे सौम्य होत आहेत. पण हा आकडा सरासरीचा आहे, हे विसरू नये. दहा-वीस वर्षांतून एकदा येणारी रात्र सरासरी विचारत नाही, आणि सफरचंद तर तीस-चाळीस वर्षांसाठी लावायचे. म्हणून शहाणा माणूस आपल्या पट्ट्यापेक्षा एक पायरी काटक झाड घेतो.

दुसरा प्रश्न, खुंट कोणता? खुंटावरून झाड किती उंच होणार आणि फळ किती वर्षांनी धरणार हे ठरते. अंतोनोव्काच्या बियांचा खुंट अतिशय काटक, पण झाड मोठे होते आणि फळाला उशीर लागतो. अंगणासाठी ठेंगणा खुंट सोयीचा. इंग्लंडमधल्या ईस्ट मॉलिंगचा एम ९ हा खुंट प्रसिद्ध, पण कडक थंडीला रशियातल्या मिचुरिन्स्क इथे निघालेला बुडागोव्स्की ९ अधिक भरवशाचा. ठेंगण्या खुंटाची मुळे उथळ असतात, म्हणून झाडाला जन्मभर खांबाचा आधार द्यावा लागतो.

तिसरा प्रश्न, फळ पिकते कधी? गोठण येण्यापूर्वी पिकणारी जात हवी. झाड जगले आणि फळ कच्चे राहिले, तर हाती काही पडत नाही.

चौथा प्रश्न, परागाची सोय काय? सफरचंदाची बहुतेक झाडे स्वतःच्या परागावर फळ धरत नाहीत. जवळपास दुसऱ्या जातीचे, त्याच सुमारास फुलणारे झाड लागते, आणि मधमाश्या लागतात. शेजाऱ्याकडे शोभेचे रानटी सफरचंद असले तरी काम भागते. जागा एकाच झाडापुरती असेल आणि शेजारी काही नसेल, तर आंबट चेरी घ्यावी. मिनेसोटाच्याच शेतावरून १९५० मध्ये निघालेली नॉर्थस्टार ही चेरी एकटी फळते.

पाचवा प्रश्न, झाड वाढले कुठे आणि वय काय? उंच, फुललेले झाड पाहून भुलू नये. कुंडीत कोंदटलेल्या मुळांचे मोठे झाड जमिनीत बसायला वर्षे घेते. त्यापेक्षा एक-दोन वर्षांचे, काठीसारखे सरळ, मुळे मोकळी असलेले झोपी गेलेले रोप स्वस्त पडते आणि लवकर पुढे जाते. ते थंड मुलखातल्याच रोपवाटिकेत वाढलेले असले तर उत्तम. चिठ्ठीवर जात आणि खुंट अशी दोन्ही नावे नसतील, तर पैसे खिशातच ठेवावेत.

लावणी आणि राखण

लावणी वसंताच्या आरंभी, जमीन उकरता येऊ लागली की लगेच. मुळे काही तास पाण्यात भिजवावीत. खड्डा रुंद असावा, पण मुळे मावतील त्याहून खोल नसावा. कलमाचा सांधा मातीच्या वर चार बोटे राहिला पाहिजे. तो पुरला गेला तर वरच्या काडीलाच मुळे फुटतात आणि ठेंगण्या खुंटाचा उपयोग जातो. खड्ड्यात खत कोंबू नये. पाणी मात्र पहिली दोन-तीन वर्षे नेमाने द्यावे. बुंध्याभोवती लाकडाच्या भुश्याचे किंवा ढलप्यांचे आच्छादन घालावे, पण ते खोडाला टेकू देऊ नये, कारण उंदीर त्यात घर करतात.

जागा भिंतीच्या उबेची नको, खोलगट तर नकोच. थंड हवा जड असते, ती पाण्यासारखी उताराने वाहते आणि खोलगटात साचते. म्हणून उताराचा मधला भाग चांगला.

शरद ऋतूत खोडाला पांढरी गुंडाळी करावी, म्हणजे ऊन परतून जाते आणि साल तापत नाही. वसंतात ती काढावी. सशांसाठी बारीक छिद्रांच्या तारेची जाळी खोडाभोवती बसवावी. तिचे खालचे टोक दोन-तीन इंच मातीत आणि वरचे टोक बर्फ जेवढे साचते त्याच्याही वर दोन फूट असावे. ससा जमिनीवर उभा नसतो, तो बर्फावर उभा राहून साल खातो. हे ध्यानात न आल्याने कितीतरी झाडे मेली आहेत. बर्फ स्वतः मात्र मुळांचा मित्र आहे. फांदीपेक्षा मूळ नाजूक असते, आणि बर्फाची गोधडी त्याला पांघरूण घालते. उघड्या जमिनीवरची कोरडी थंडी त्याहून वाईट.

छाटणी हिवाळा सरता सरता करावी. मे महिन्यातल्या धोक्याच्या रात्री लहान झाडावर चादर टाकली तरी फुले वाचू शकतात. आणि फळ फार धरले तर विरळ करावे. एका घोसाला एकच फळ, दोन फळांत एक वीत अंतर. हॅरल्सनसारखी जात नाहीतर एका वर्षी वाकेपर्यंत फळते आणि पुढल्या वर्षी रुसते.

आपल्याला यातून काय घ्यायचे

कोणी म्हणेल, मिनेसोटाच्या बर्फाशी आपल्याला काय कर्तव्य? आपल्याकडे अडचण उलटी आहे. सफरचंदाला थंडी सोसावी लागते, तशी थंडी लागतेही. हिवाळ्यात ठरावीक तास गारवा मिळाल्याशिवाय त्याचे डोळे नीट उघडत नाहीत. नेहमीच्या जातींना सात अंशांखालचे हजार-बाराशे तास लागतात. म्हणून सॅम्युएल स्टोक्स यांनी १९१६ मध्ये अमेरिकेतून आणलेली रेड डेलिशस सफरचंदे हिमाचलातल्या कोटगडला रुजली, ती आपल्याकडे पठारावर रुजली नसती. अलीकडे कमी थंडीवर फळणाऱ्या अ‍ॅना, एचआरएमएन ९९ अशा जाती निघाल्या आहेत, आणि महाराष्ट्रातही काही शेतकऱ्यांनी त्या लावल्या आहेत. त्या घ्यायच्या असतील तर वरचेच पाच प्रश्न विचारा. फक्त पहिला उलटा करा, "या झाडाला किती थंडी लागते, आणि माझ्या गावात ती पडते का?" आणि विक्रेत्याच्या फोटोंवर न जाता, आपल्यासारख्याच गावात फळलेले झाड डोळ्यांनी पाहून या.

थंडीचा घाव आपल्या शेतकऱ्यांनाही अनोळखी नाही. निफाडकडे थंडीची लाट आली, की द्राक्ष बागायतदार पहाटे बागेत शेकोट्या करतात. खुंटाचे महत्त्व तर द्राक्षवाल्यांना सांगायला नकोच, डॉगरिजवर बाग उभी करणारे ते लोक. कोकणातला माणूस कोय कलम बांधताना जे करतो, तेच मिनेसोटातला माणूस सफरचंदावर करतो. विद्या एकच, परीक्षा वेगळी.

शिक्षकांना एक सुचवतो. शाळेच्या आवारात किमान तापमान दाखवणारा तापमापक टांगा आणि मुलांकडून रोजची नोंद ठेवा. एक आवाराच्या उंच बाजूला, एक सखल बाजूला. पौषातल्या निरभ्र पहाटे दोन्ही आकड्यांत फरक पडला, तर थंड हवा कुठे साचते हे मुलांना आपणहून कळेल. आणि वर्गाकडून एकाच रायवळ झाडाच्या दहा कोयी लावून घ्या. रोपांच्या पानांत, वाढीत फरक दिसतो का, हे मुलांनाच शोधू द्या. पीटर गिडियनने इतकी वर्षे काय केले, ते मग वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

आता आक्काकडे येतो. २०२१ च्या एप्रिलअखेर भाचा तिला घेऊन जवळच्या एका लहान रोपवाटिकेत गेला. पाच प्रश्न तिने कागदावर लिहून नेले होते. तिथल्या म्हाताऱ्या बाईने पाचही उत्तरे दिली आणि हाती एक काठी ठेवली, हॅरल्सन, बुडागोव्स्की ९ वर बांधलेले. आक्का फोनवर म्हणाली, "अरे, याला झाड म्हणायचं का? एक पान नाही!" परागाची सोय शेजारच्या शोभेच्या झाडावर झाली. जाळी आणि गुंडाळी भाच्याने केली. २०२४ च्या मे महिन्यात, सुट्टीत, मी स्वतः तिथे गेलो तेव्हा झाड माझ्या खांद्याला लागत होते आणि फुलले होते. दाराआड दोन जुन्या चादरी घडी करून ठेवलेल्या होत्या. तशी रात्र मी असताना आली नाही. त्या आधीचा हिवाळा मिनेसोटाच्या नोंदीतला सर्वांत उबदार होता. पण आक्काने जाळी काढू दिली नव्हती.

सप्टेंबरच्या शेवटी तिचा फोन आला. एकोणीस फळे आली होती. फळ आंबट, म्हणून तिने त्यातल्या पाचांचा गूळ-मेथी घालून मेथांबा केला होता. "कैरीची सर नाही," ती म्हणाली, "पण भाकरीबरोबर चालतो." मी विचारले, परत यायचे कधी? ती म्हणाली, "येईन की. पण नोव्हेंबरात गुंडाळी करायची असते, ती झाल्यावर."